स्वसंरक्षण शिबिरात दोन तासांत नक्की काय शिकता येतं?

केतकी_नाशिक
लेकीला यंदा पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालाय, होस्टेलवर राहील. आमच्या सोसायटीत येत्या रविवारी 'महिला व युवतींसाठी स्वसंरक्षण शिबिर' ठेवलंय. वेळ दोन तास, फी पाचशे रुपये आणि पत्रकावर ठळक अक्षरांत "दोन तासांत निर्भय व्हा!" दोन तासांत माझ्याच्याने धड पुरणपोळ्या होत नाहीत, म्हणून विचारतेय.

लेक म्हणते यूट्यूबवर सगळं आहे. नवरा म्हणतो पेपर स्प्रे घेऊन दे आणि विषय संपव. सासूबाई म्हणतात पोरीला आत्तापासून घाबरवू नका. इथे कुणी असा वर्ग केलाय का? कराटे, तायक्वांदो, क्राव्ह मागा यांत मुलीसाठी काय बरं? आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा शिकलेलं काही आठवलं का कुणाला?

बंड्या_बारामतीकर
पाचशे रुपये? आमची ही लग्नाच्या पहिल्याच वर्षी फुकटात निर्भय झाली. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मीनल७
बंड्या, दिवा घेतला आणि तुमच्याच डोक्यावर ठेवला.

केतकी, मी ऑफिसात केलं होतं, महिला दिनाला. गुलाबाचं फूल, केक आणि स्वसंरक्षण, सगळं एकाच दुपारी. पन्नासेक बायका आणि एकच सर. लक्षात राहिलं ते एवढंच की मनगट पकडलं तर मागे ओढायचं नाही, पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात पिळून काढायचा. घरी येऊन नवऱ्यावर प्रयोग केला. त्याने दोन्ही हातांनी धरलं. संपलं शिक्षण.

चाळकरी
संध्याकाळची विरार फास्ट, लेडीज सेकंड क्लास, सहा महिने. दुसरा कुठलाही वर्ग लागत नाही.

सेन्सेई_काका
पंचवीसेक वर्षं कराटे शिकवतोय, अशी शिबिरंही घेतो, त्यामुळे माझं मत धंद्याचं समजा हवं तर. दोन तासांत कुणी लढायला शिकत नाही. "निर्भय व्हा" छापणाऱ्याच्या शिबिराला मी माझ्या पुतणीला पाठवणार नाही. पण दोन तास फुकट जातात असंही नाही, ते कशावर घालवले यावर आहे.

शिबिरांत हमखास दिसणारा प्रकार म्हणजे चाकूवाल्याच्या हातातून चाकू काढून घेणं. टाळ्या मिळतात. मी स्वतः चाकूवाल्यासमोर पर्स फेकून विरुद्ध दिशेला पळेन. दुसरं, बोटांच्या बेचक्यांत किल्ल्या धरून ठोसा मारायचा, हे व्हॉट्सॲपवर फिरतं. एकदा उशीवर मारून बघा, किल्ल्या आपल्याच बोटांत घुसतात. मूठ वळून जबड्यावर मारलं तर न शिकलेल्या माणसाचं हाड मोडतं, स्वतःचं. त्यापेक्षा तळहाताचा खालचा, मनगटाजवळचा भाग वापरायचा, नाक किंवा हनुवटीवर. अगदी जवळ असेल तर कोपर. "जांघेत लाथ मारा" हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणजे त्यालाही माहीत असतं, तो ते आधी वाचवतो. आणि मीनलताई, मनगट सोडवायची युक्ती हात पकडताक्षणी चालते. नवऱ्याला "धर हं आता" सांगून पाय रोवून उभं केलंत तर नाही चालणार.

माझ्या वर्गात पहिला अर्धा तास फक्त आवाज. बहुतेक बायकांना ओरडताच येत नाही. "ए... काय करतोस..." असं पुटपुटतात आणि लगेच हसतात. ओरडताना त्या माणसाचं काम जाहीर करायचं: "ओ पांढरा शर्ट, हात काढा कमरेवरचा!" सगळा डबा वळून बघतो. मदत मागतानाही "कुणीतरी या" म्हणायचं नाही, एकाकडे बोट दाखवून "काका, तुम्ही, इकडे या" म्हणायचं. घोळक्यात प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल.

उरला प्रश्न कुठला प्रकार. कुठलाही. ज्यात दर आठवड्याला जोडीदाराबरोबर प्रत्यक्ष धरपकड होते आणि जो वर्ग होस्टेलपासून चालत जाण्याइतका जवळ आहे, तो. नुसते हवेत ठोसे मारून पट्टे मिळत असतील तर व्यायाम म्हणून ठीक.

तिरकीट
काका, वाचनखूण साठवली. किल्ल्यांचा उशीवरचा प्रयोग आत्ताच केला. उशी सुखरूप आहे.

खवट_खोबरं
पटो न पटो, रात्री-अपरात्री बाहेर पडायचंच कशाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्या बहिणी सातच्या आत घरात असायच्या, कुणाला कराटे लागले नाहीत.

रानजाई
आलात? तुमचीच वाट बघत होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. सातच्या आत घरात आलेल्या मुलीला त्यांतले बरेचसे घरातच भेटतात. आणि दिवसाढवळ्या बसमध्ये कोपर लावणारे काय घड्याळ बघून येतात?

आकडेमोड
रानजाई, आकडा बरोबर आहे, पण एक पुरवणी. त्या 'ओळखीच्यां'मध्ये लग्नाचं आमिष दाखवल्याच्या तक्रारीही मोजलेल्या असतात, त्यामुळे सगळे नव्वद टक्के म्हणजे काका-मामा असा अर्थ काढू नये. आणि घरातल्याच्या विरोधात तक्रार होते किती, हा प्रश्न उलट बाजूने आहेच. दोन्ही धरूनही 'अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी' हे चित्र चुकीचंच ठरतं. शिबिरं मात्र सगळी त्याच्याचसाठी आखलेली.

शारदा_म
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. समग्र शिक्षा अभियानात सहावीपासून बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात प्रशिक्षक कोण मिळतो यावर सगळं. एका वर्षी मिळालेले गृहस्थ आले की आधी फोटो काढायचे, बॅनर सरळ आहे ना बघायचे, मग दहा मिनिटं कवायत. पुढच्या वर्षी एक तरुण मुलगी आली, ज्यूदो खेळलेली. तिने मैदानावर पोरींना एका ओळीत उभं केलं आणि "नाही!" म्हणून ओरडायला लावलं. पहिल्या दिवशी सगळ्या तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. पंधरा दिवसांनी शेजारच्या मुलांच्या शाळेतून शिपाई आला, आवाज कमी करा म्हणून.

महिन्याभराने एका मुलीची आई तक्रार घेऊन आली: "बाई, पोरगी उलट बोलाया लागली." मी विचारलं काय झालं. चुलतभाऊ घरी येऊन तिच्याच बाजेवर येऊन बसतो, तर ही म्हणाली 'उठ, नाही आवडत मला.' पाहुण्यांदेखत. आईला पाहुण्यांचं वाईट वाटलं होतं. मुलगी बाजूला उभी होती, खाली मान घालून, पण पुरती खूष.

त्या मुलीने एकही ठोसा मारलेला नाही. माझ्या मते त्या तीन महिन्यांचे पैसे वसूल झाले.

रानजाई
शारदाताई, _/\_

कोल्हापुरी_ठसका
आमच्याकडं मर्दानी खेळ हायत की! पेठांतल्या तालमींत पोरी लाठी, दांडपट्टा, तलवार सगळं फिरवत्यात. भाची सात वर्षांची असल्यापासनं जाते. लाठीचं सोडा, पण पाय टाकणं, वळणं, नजर समोरच्याच्या खांद्यावर ठेवणं हे अंगात मुरतंय. ती चालते ते बघूनच पोरं वाट सोडत्यात. आणि कुस्ती का नको कुणाला? २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं मारली. जमिनीवर पडल्यावर काय करायचं हे कुस्तीइतकं कोण शिकवणार? नाद खुळा विषय.

तिरकीट
सगळं खरं, पण लाठी पर्समध्ये मावत नाही.

कोल्हापुरी_ठसका
पर्स मोठी घ्या.

सुमन_आजी
आमच्या वेळी दादरला बेस्टच्या बसमध्ये एकच शस्त्र, सेफ्टी पिन. साडीच्या निऱ्यांना एक आणि 'कामाची' एक. ती टोचली की मागचा माणूस पुढच्याच स्टॉपवर उतरायचा, तिकीट शेवटपर्यंतचं असलं तरी. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. ऑफिसातल्या सगळ्याजणी वापरायच्या, पण एकमेकींना सांगितलं ते निवृत्त झाल्यावर, सहलीला गेलो तेव्हा. आधी का नाही बोललो कोण जाणे. शरम त्याची आणि लपवत आम्ही होतो.

माझी आई मात्र वर्ध्याची. लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ साली राष्ट्र सेविका समिती काढली, तिथे ती लाठी शिकली होती. नव्वदीपर्यंत ताठ चालायची.

खवट_खोबरं
वा आजी! बघा, शाखेत हे सगळं आधीपासून होतं. उगाच परदेशी क्राव्ह मागा वगैरे.

समाजवादी_साने
राष्ट्र सेवा दलातही मुली मुलांच्या बरोबरीने कवायत, लाठी करत होत्या, तेही एकाच मैदानावर, एकत्र. आणि कराटेही परदेशीच आहे हो, बंद करायचं का?

खवट_खोबरं
एकत्र होत्या, तोच तर प्रश्न...

समाजवादी_साने
कुणाचा प्रश्न? तुमचा?

संपादक_मंडळ
शाखा आणि सेवा दल यांच्यासाठी वेगळा धागा काढावा. याच विषयावरचे आधीचे तीन धागे वाचनमात्र करावे लागले होते, याची नोंद घ्यावी. पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत.

बंड्या_बारामतीकर
सातमधला एक माझा होता, विनोदी होता हो.

हॅमिल्टनची_मावशी
इतके दिवस नुसतीच वाचत होते, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवेना.

इकडे कॅनडात याच प्रश्नावर रीतसर चाचणी झालेली आहे. विंडसर विद्यापीठाच्या शार्लीन सेन यांनी विंडसर, ग्वेल्फ आणि कॅलगरी या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या मुली घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला बारा तासांचं प्रशिक्षण, तीन-तीन तासांची चार सत्रं. दुसऱ्याला विद्यापीठात नेहमी मिळतात तशी माहितीपत्रकं. वर्षभरानंतर पत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१५ साली आलं. म्हणजे जवळपास निम्मं झालं.

गंमत म्हणजे त्या बारा तासांत हातपाय चालवायचा भाग एका सत्रापुरताच. पहिलं सत्र धोका ओळखायचं: हा मुलगा मला एकटीला का गाठतोय, 'नाही' म्हटलेलं ऐकून न ऐकल्यासारखं का करतोय. दुसरं सत्र फार नाजूक, ओळखीच्या माणसाबद्दल आलेली शंका स्वतःशी कबूल करायची. कारण मन सांगत राहतं, अगं हा तर आपला मित्र, किती वर्षांची ओळख, उगाच कशाला तमाशा. मुली प्रतिकार उशिरा करतात तो याच घालमेलीत, दंडात जोर नसतो म्हणून नव्हे. शेवटचं सत्र नाती आणि लैंगिकता यावर, तुला स्वतःला काय हवंय ते आधी तुझं तुला कळू दे, असं.

माझ्या मुलीने इथल्या विद्यापीठात हा वर्ग केला. पहिला उपयोग तिने आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांवर केला. गणपतीत प्रत्येक मुलीच्या पाठीवरून हात फिरवायची त्यांना सवय. ती सरळ म्हणाली, "काका, नमस्कार लांबून करते." पुढच्या वर्षी काकांनी सगळ्यांनाच लांबून नमस्कार केला.

आकडेमोड
मावशींच्या प्रतिसादात भर घालायची तर हा अभ्यास विद्यापीठातल्या मुलींचा आहे आणि प्रशिक्षण घरी बसून व्हिडिओ बघून नव्हतं, छोट्या गटात प्रत्यक्ष होतं. त्यावरून आपल्या सोसायटीच्या दोन तासांबद्दल काही सिद्ध होत नाही. पण केतकीताईंनी कशाला पैसे मोजायचे ते मात्र कळतं.

नंदू_पिंपळे
हे सगळं ठीक, पण पुन्हा जबाबदारी मुलींवरच ना? तुम्हीच ओळखा, तुम्हीच ओरडा, तुम्हीच बारा तास घाला. मुलग्यांचा वर्ग कधी? मला दोन मुलगे आहेत म्हणून विचारतो.

रानजाई
नंदू, अनुमोदन. पण केतकीची लेक ऑगस्टमध्ये जातेय. तोवर सगळे मुलगे सुधारून होतील असं वाटत नाही. दोन्ही चालू द्या की. तुम्ही तुमच्या दोघांना आज रात्री जेवताना विचारा, मैत्रिणीने उत्तर दिलं नाही तर किती मेसेज करता. तोच वर्ग.

डॉ_वैदेही
मानसोपचार हा माझा व्यवसाय. केतकी, तुझा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, प्रसंगात आठवतं का.

अचानक मोठी भीती वाटली की माणूस लढतो किंवा पळतो, हे आपण शाळेत शिकलो. तिसरी गोष्ट शिकवली नाही, ती म्हणजे गोठणं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, काही जणींना आपण हे सगळं छतावरून बघतोय असं वाटतं. मेंदू हे आपल्याला विचारून करत नाही. लैंगिक अत्याचारात हे खूपदा घडतं, आणि मग आयुष्यभर ती बाई स्वतःलाच विचारत राहते की मी ओरडले का नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकात उभ्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याचं प्रकरण आठवा. आरोपीने 'ताई' म्हणत, तुमची बस तिकडे लागलीय असं सांगून तिला नेलं, अशी तिची तक्रार. नंतर चर्चा कशाची झाली? तिने प्रतिकार का केला नाही याची. जबाबदार पदावरच्या माणसांनीसुद्धा तशी विधानं केली. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन जुन्या पेशंट परत आल्या, दहा-दहा वर्षांपूर्वीचं घेऊन.

सराव केला तर गोठण्यातून लवकर बाहेर पडता येऊ शकतं, म्हणून सराव करावाच. पण जो प्रशिक्षक "मनात धैर्य असेल तर कुणी हात लावू शकत नाही" असं म्हणतो, त्याच्या वर्गातून उठून यावं. कारण त्याचा दुसरा अर्थ असा होतो की जिला हात लावला गेला, तिच्यात धैर्य नव्हतं.

आणि शिबिरात कुणीच सांगत नाही ते: घडलंच तर आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाला तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात, आधी पोलिसांचा कागद आणा म्हणता येत नाही.

मीनल७
हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. धन्यवाद डॉक्टर.

वकीलसाहेब_ठाणे
कायद्याचा भाग मी सांगतो, कारण "मी मारलं आणि त्याला लागलं तर केस माझ्यावरच ना?" हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे. कलम ३८ मध्ये सात प्रसंग दिलेत, ज्यांत स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. बलात्काराच्या हेतूने केलेला हल्ला त्यात आहे, अपहरण आहे, ॲसिडहल्लाही आहे, तो २०१३ च्या दुरुस्तीत आला. मर्यादा कलम ३७ ची: बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. तो पळत सुटल्यावर मागे धावत जाऊन दगड घातलात तर तो बचाव राहत नाही.

पाठलागाचं कलम ७८. यात मुलीने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवलेलं असणं महत्त्वाचं ठरतं. म्हणून मी अशिलांना सांगतो, एकदाच, लेखी, साध्या शब्दांत 'मला संपर्क करू नकोस' असं लिहा, स्क्रीनशॉट ठेवा आणि मग एकही उत्तर देऊ नका, शिवीसुद्धा नाही. इंटरनेटवर पाळत ठेवणंही याच कलमात येतं. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

बंड्या_बारामतीकर
साहेब, आता गंभीरपणे विचारतो. बहीण रोज दौंडहून पुण्याला जाते. तिला चाकू दिला तर? २०१३ साली मुंबईत एका पक्षाने बायकांना वाटले होते ना?

वकीलसाहेब_ठाणे
वाटले होते. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो, छोट्याला नाही. पण आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघत असतात, त्या काळात शस्त्र बाळगणं अंगाशी येऊ शकतं. त्याहून मोठी अडचण काकांनी वर सांगितलीच आहे. चाकू हिसकावला गेला की तो त्याचा होतो. रेल्वेसाठी १३९ हा क्रमांक बहिणीच्या फोनमध्ये असू द्या.

तिरकीट
मग पेपर स्प्रे?

मीनल७
माझ्याकडे आहे. परवाना लागत नाही, विमानात जवळ ठेवता येत नाही. पर्सच्या तळाशी असेल तर तो नाहीच असं समजा. वाऱ्याची दिशा बघावी लागते, डब्यात किंवा लिफ्टमध्ये मारला तर आपणही खोकत बसतो. डबीवर मुदत असते, ती संपली की जोर जातो. विकत घेतल्यावर मोकळ्या जागी एकदा मारून बघावा, लॉक कसं उघडतं ते बोटांना कळलं पाहिजे. मी गच्चीवर प्रयोग केला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, "कुणाची फोडणी जळली?"

सेन्सेई_काका
मीनलताईंना शंभरपैकी शंभर. एवढंच जोडतो की स्प्रे मारून उभं राहून बघायचं नसतं. मारायचा आणि पळायचं.

गोदाकाठ
शहरातल्या ताया-दादांनो, आमच्याकडचं ऐका. वस्तीपासून हायस्कूल सहा किलोमीटर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. पण बस शाळा सुटल्यावर दीड तासाने. तो दीड तास पोरी स्टँडवर, आणि समोर टपरीवर गाड्या लावून बसलेली पोरं. एका मुलीची ओढणी ओढली. तिने घरी सांगितलं नाही. का? सांगितलं असतं तर त्या पोरांना कुणी काही बोललं नसतं, हिची शाळा बंद झाली असती आणि दिवाळीनंतर लग्न. हे सगळ्या पोरींना माहीत असतं. त्या मार खायला भीत नाहीत, शाळा सुटायला भितात.

आम्ही ग्रामसभेत कराटे मागितले नाहीत. चार बाया आगारात जाऊन बसलो, बसची वेळ बदलून घेतली. आता शाळा सुटल्यावर वीस मिनिटांत बस लागते. टपरीवरची पोरं अजून बसतात, पण बघायला कुणी नसतं.

आत्मसंरक्षण शिकवायचंच तर आधी आईबापांना शिकवा की पोरीने येऊन सांगितल्यावर तिचीच शाळा बंद करायची नाही.

शारदा_म
गोदाकाठ, अगदी हेच. त्या भीतीने पोरी माझ्याकडे येतात तेव्हासुद्धा पहिलं वाक्य असतं, "बाई, घरी सांगू नका."

रानजाई
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कुणीतरी.

रात्रपाळी
गोदाकाठ म्हणतात ते शहरालाही लागू. पुण्यात २००७ साली कॉल सेंटरला निघालेल्या मुलीचा कंपनीच्याच कॅबच्या चालकाने साथीदारासह खून केला. कॅबमध्ये शेवटी उतरणारी मुलगी एकटी नको, सोबत गार्ड हवा, असे नियम कंपन्यांनी घट्ट केले ते त्यानंतर. आम्हाला ते तयार मिळाले. गार्ड आला नाही तर मी कॅबमध्ये बसतच नाही, खाली उभी राहून ट्रान्सपोर्टला फोन करते. टीममधली मुलं वैतागतात, उशीर होतो म्हणून. वैतागू देत.

होस्टेलवासी
मी पुण्यातच तिसऱ्या वर्षाला आहे. काकू, खरं सांगू? रस्त्यावरच्या माणसाने मला एकदाही त्रास दिलेला नाही. त्रास दिला सीनियरने. आधी नोट्स, मग रोज रात्री 'जेवलीस का', मग लोकेशन शेअर कर, मग मी दुसऱ्या ग्रुपबरोबर सिंहगडावर गेले तर गेटवर उभा. ब्लॉक केलं तर त्याचे मित्र येऊन म्हणाले, किती ओव्हर करतेस, तो डिप्रेशनमध्ये जाईल. यावर कुठल्या कराटेत डाव आहे?

मला उपयोग झाला कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीचा. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक कॉलेजात असावीच लागते, विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. तुमच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात त्या समितीत कोण आहे ते बघून ठेवायला सांगा, नोटीस बोर्डवर नसेल तर ऑफिसात विचारायला सांगा. आणि फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस चालू करून द्या, बऱ्याच फोनांत पॉवरचं बटण सलग पाच वेळा दाबायचं असतं. ११२ तर पाठ असतोच, महिलांसाठी १८१ पण सांगा.

अजून एक, रागावू नका. दर दोन तासांनी फोन करून 'कुठे आहेस' विचारू नका. मग आम्ही खोटं सांगायला लागतो, आणि खरंच अडकलो तेव्हा फोन करायची हिंमत होत नाही, कारण आधीचं खोटं बाहेर येईल.

केतकी_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार. होस्टेलवासी, तुझा शेवटचा परिच्छेद लेकीने माझ्या मागे उभं राहून मोठ्याने वाचला, दोनदा.

काल शिबिर झालं. चाकू काढून घेणं होतंच, टाळ्याही पडल्या. सूत्रसंचालक रील काढत होते. पण मधली वीस मिनिटं सरांच्या साहाय्यक बाईंनी घेतली, फक्त आवाज आणि अंतर. समोरचा किती जवळ आला की पोटात कसंतरी होतं, तिथे हात पुढे करून "तिथेच थांबा" म्हणायचं. आमच्या जोडीत लेकीने मला थांबवलं तेव्हा मी खरंच थांबले, इतका आवाज होता.

आता असं ठरलंय: स्प्रे घेतला, गच्चीवर एकदा मारूनही बघितला, खालच्या काकूंना आधी सांगून. होस्टेलजवळ ज्यूदोचा आठवड्यातून तीनदा वर्ग आहे, तो ती स्वतः जाऊन बघणार आणि जोडीदाराबरोबर सराव असेल तरच नाव घालणार. समितीचं तिच्या डोक्यात आहे. फोनचं म्हणाल तर रात्री एकच, तोही तिने करायचा. नवऱ्याला हे मान्य नाही, त्याच्याशी वाटाघाटी चालू आहेत.

खवट_खोबरं
एकच फोन फार कमी आहे.

रानजाई
खोबऱ्या, तुला कुणी विचारलं?

खवट_खोबरं
मला पण मुलगी आहे. दहावीत. त्या साहाय्यक बाई नाशिकच्याच का? आम्ही पंचवटीत राहतो.

केतकी_नाशिक
हो, नाशिकच्याच. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्यांची दहावी-बारावीच्या मुलींची वेगळी बॅच असते, शनिवारी.

सुमन_आजी
सेन्सेई, माझं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सकाळी साखळीचोर फार झालेत. आमच्यासारख्यांसाठी काही शिकवता का, की पिनच बरी?

सेन्सेई_काका
शिकवतो की. खुर्चीवर बसून करायचे प्रकार आहेत, चालायच्या काठीचेही आहेत. गळ्यातलं मात्र फिरायला जाताना घरी ठेवायचं, हे आधीच सांगतो. गुडघ्यांचं ऑपरेशन कधी झालं आणि डॉक्टरांनी काय काय मना केलंय ते व्यनित कळवा, मग दिवस ठरवू.